खोटं दुःख आणायचं, असा नियम होता

पिंपळे गुरवच्या आमच्या घरात दार लावून घेता येईल अशी खोली एकच. त्याच खोलीत कपाट, शिलाई मशीन, गव्हाची कोठी आणि कोपऱ्यात देवघर. आणि ऑनलाइन इंटर्नशिपचा पहिलाच नियम असा की बंद दाराची खोली पाहिजे, समोरच्याचं बोलणं दुसऱ्या कुणाच्या कानावर पडता कामा नये. मग मी शिलाई मशीनवर लॅपटॉप मांडला, कानांवर हेडफोन चढवला आणि आमच्या ह्यांना दाराबाहेर खुर्ची टाकून दिली. इस्त्रीवाला आला, भाजीवाली आली, कुणी वर्गणी मागायला आलं, तर बेल वाजायच्या आत उठून खुणेनंच परत पाठवायचं. कुकर लावायचा नाही. मिक्सर तर नाहीच नाही.

"जन्मभर कंपनीत काम केलं," हे म्हणाले, "आता वॉचमनची पोस्ट मिळाली."

"पगार नाही हं."

"ते माहीतच आहे."

तर ही इंटर्नशिप माझी होती. माझ्या मुलाची किंवा भाचीची नाही. हे आधीच सांगते, कारण कुणालाही सांगितलं की ऐकणारा माझ्या पाठीमागं बघतो, जणू खरी विद्यार्थिनी माझ्या मागं उभी आहे.

दहावी झाल्यावर लग्न झालं आणि साताऱ्याकडून इकडं आले. हे भोसरीला प्रेस शॉपमध्ये, पत्र्याचे पार्ट दाबून काढायच्या कामावर. पोरं शाळेत गेली की मी रद्दीच्या दुकानातून पुस्तकं आणून वाचायची, जे हाताला लागेल ते. त्यातच एकदा मानसशास्त्राचं फाटकं पुस्तक आलं, पहिली पानं नव्हतीच. ते मी इतक्या वेळा वाचलं की न वाचलेली पानंसुद्धा मला आपोआप कळायला लागली होती. पोरं मार्गाला लागली, हे रिटायर झाले, तेव्हा मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं. पुस्तकी सगळं झालं. पण माणूस समोर बसवून त्याचं ऐकणं, ते कुठं केलं होतं? गाडीचे सगळे पार्ट तोंडपाठ, पण किक मारलेली नाही, असं माझं चाललं होतं. म्हणून ही समुपदेशनाची इंटर्नशिप.

शिकवणाऱ्या मॅडम दुसऱ्या शहरातल्या. वयानं माझ्या धाकट्या बहिणीसारख्या, बोलणं फटाफट. त्या आम्हाला खरे पेशंट देत नसत. आम्ही एकमेकांवरच सराव करायचो. दोघादोघांना वेगळ्या ऑनलाइन खोलीत पाठवायच्या, एकानं आपलं दुःख सांगायचं, दुसऱ्यानं ऐकायचं, आणि मॅडम मधूनमधून प्रत्येक खोलीत डोकावून जायच्या. दुःख मात्र खोटं आणायचं. हा नियम त्यांनी पुनःपुन्हा सांगितला होता. "स्वतःची खरी जखम इथं उघडू नका," म्हणायच्या, "समोरचा अजून शिकाऊ आहे. त्याला मलमपट्टी येत नाही."

मला काय येत नव्हतं ते पहिल्याच आठवड्यात कळलं. एका मुलानं सगळ्यांसमोर परीक्षेची भीती आणली. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी म्हटलं, "अरे, लिंबू सरबत घे, पाय धू आणि झोप बघू शांत. जेवलास का?" सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत.

"काकू, तुम्ही ऐकत नाही आहात," त्या म्हणाल्या. "तुम्ही वाढताय. ताट भरलं की तुम्हाला बरं वाटतं. त्याला भूक कशाची आहे ते कुठं विचारलंत?"

मला राग आला होता. दोन दिवस मी हे ह्यांना ऐकवत होते, की आमच्या पिढीला काय ऐकता येत नाही होय! हे म्हणाले, "माझं वाक्य तरी पुरं होऊ दे."

आणि दुसरी अडचण त्याहून मोठी होती. मॅडमनी एक प्रश्न आमच्या एकेकाकडून मोठ्यानं वदवून घेतला. जीव द्यायचे विचार तुझ्या मनात येतात का, असा सरळ. आडवळण नाही, गुळमुळीत नाही. बाकीच्यांनी म्हटला. माझी जीभच वळेना. अभद्र तोंडातून काढू नये अशा घरात वाढलेली मी. मी म्हटलं, "मनात काही वाईटसाईट येतं का?"

"वाईटसाईट म्हणजे काय, काकू? त्यात शेजारणीला दोन थोबाडीत माराव्या वाटतात तेही आलं. सरळ विचारा. विचारल्यानं कुणाच्या मनात नवीन काही पेरलं जात नाही. असलेलं बोलायला जागा होते."

मग मी घरी देवघराकडं पाठ करून तो प्रश्न म्हणायची तालीम करायला लागले. एकदा हे दार उघडून आत आले, चेहरा पांढराफटक. "अगं, काय झालं तुला? कुणाला विचारतेयस हे?" त्यांना समजावता समजावता माझी पुरेवाट झाली. तरीही तो प्रश्न काही माझ्या जिभेवर बसला नाही.

आता त्या मुलीबद्दल. ती नांदेडकडची. चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत कामाला, आणि बाहेरून बी.ए. करत होती. भाड्याच्या एका खोलीत चार मुली, तिथं बंद दार कुठून आणायचं? तिनं मॅडमना विचारून गच्ची ठरवून घेतली होती. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीला बसायची. कॅमेऱ्यात तिचा अर्धा चेहरा, काळी टाकी आणि मागं आभाळ. आमच्यात सगळ्यात चांगलं ऐकणारी तीच होती. एकदा मी तिला खोटं दुःख सांगितलं, की सून मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नाही. तिनं दोनतीनच प्रश्न विचारले आणि मला रडूच फुटलं. मला सून नाहीये अजून. मुलगा लग्नाला तयार नाही.

हे मी लिहितेय ते तिच्या परवानगीनं. मॅडममार्फत विचारलं होतं, तिनं हो म्हणून कळवलं. गाव आणि थोडं काहीबाही मी बदललं आहे.

तो गुरुवार होता. आमच्या पट्ट्यात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी. तिच्या खोलीतल्या मुली आळंदीला गेलेल्या, ती एकटीच मागं राहिलेली. भाद्रपदातलं ऊन, दुपार. मॅडमनी आम्हा दोघींना एका खोलीत पाठवलं. त्या दिवशी सांगायची पाळी तिची, ऐकायची माझी.

"एक मुलगी आहे असं समजा, काकू," ती म्हणाली. "कंपनीत आहे."

"बरं."

"तिच्या मशीनला पुढं एक पारदर्शक कव्हर असतं. वायरला टोक बसवायचं ते मशीन. कव्हर खाली असलं तरच मशीन दाबतं. म्हणजे बोट मध्ये जाऊ नये म्हणून. पण दर वेळी कव्हर खाली घ्या, वर करा, त्यात वेळ जातो. टार्गेट होत नाही. मग त्या मुलीनं कव्हर वरच ठेवलं आणि सेन्सरला एक चुंबक चिकटवला. मशीनला वाटतं कव्हर खालीच आहे."

आमचे हे प्रेस शॉपमध्ये होते म्हणून सांगितलं ना. त्यांच्या प्रेसला दोन बटणं असायची, दोन्ही हातांनी एकदम दाबायची, म्हणजे हात आत राहूच नयेत. आणि माणसं काय करायची, तर एका बटणात काडी खुपसून ठेवायची. लवकर काम उरकतं म्हणून. शिफ्ट सुटून हे घरी आले की मी दार उघडताना आधी त्यांचे हात बघायची. तोंड नंतर.

आम्ही सगळे जी खोटी दुःखं आणायचो ती मालिकांतली असायची. वडील शिकू देत नाहीत, मित्रानं फसवलं, पेपर अवघड गेला. चुंबक कुणी आणला नव्हता.

"मग?" मी म्हटलं.

"शिफ्ट सुटताना ती मुलगी चुंबक काढून घ्यायची. रोज घ्यायची. एक दिवस बस सुटत होती, सगळ्या हाका मारत होत्या. ती पळाली. चुंबक तिथंच राहिला." ती थांबली. "सेकंडच्या शिफ्टला त्याच मशीनवर तिची मैत्रीण बसली. खोलीतलीच. एकाच ताटात जेवायच्या दोघी."

मी हेडफोन कानांवर घट्ट दाबला.

"बोट गेलं तिचं. आणि सगळे म्हणाले, चुंबक त्या मैत्रिणीनंच लावला असणार. ही मुलगी पण काही बोलली नाही. सुपरवायझरनं गडबडीत काढून खिडकीत टाकला होता तो, या मुलीनं दुसऱ्या दिवशी गुपचूप उचलला. मैत्रिणीला गावी पाठवलं, परभणीकडं. कामावर परत घ्यायचं का नाही ते बघू म्हणाले."

"आणि चुंबक?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

तिनं हात कॅमेऱ्यापुढं धरला. तळहातावर आंबा होता. फ्रीजला लावतात तसला, पिवळा, हिरव्या पानाचा, एका कडेला रंग उडालेला.

"हा."

मी बघत राहिले. आता खोटं काही उरलं नव्हतं. तिनं नियम मोडला होता, पण तो नियम मोडला गेला हे मॅडमना सांगण्याइतकी शुद्ध मला नव्हती. मॅडम त्या वेळी दुसऱ्या कुठल्या तरी खोलीत होत्या.

"ती मुलगी आता काय म्हणते, सांगू?" ती म्हणाली. आवाज अगदी साधा, भाजीचा भाव सांगावा तसा. "ती म्हणते, आपण नसलेलंच बरं. सगळ्यांचाच त्रास वाचेल."

माझ्या तोंडात सगळं एकदम आलं. अगं असं बोलू नये, तुझे आईबाप काय करतील, देव बघतोय, होतं असं माणसाच्या हातून, तू लहान आहेस, जेवलीस का. ताटंच्या ताटं भरून आली. मी शिलाई मशीनची कड दोन्ही हातांनी धरली आणि सगळी परत आत ढकलली.

मग मी विचारलं. "बाळा, जीव द्यायचे विचार तुझ्या मनात येतात का?"

टाकीमागून एक कबुतर उडालं. तिनं तिकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"हे सरावातलं विचारताय का, काकू?"

"नाही गं. तुला विचारतेय. खरं."

"हो," ती म्हणाली. आणि तिचा चौकोन गेला. नुसता माझाच चेहरा राहिला पडद्यावर, देवघराच्या समईसकट.

मी मॅडमना फोन लावला. नंबर दोनदा चुकला. त्यांनी उचलला. मी जेवढं जमेल तेवढं सांगितलं. त्या मध्ये एकदाही बोलल्या नाहीत.

"बरोबर विचारलंत," त्या म्हणाल्या. "आता ऐका. मी तिला फोन लावते. नाही उचलला तर तिनं इमर्जन्सीसाठी दिलेला नंबर आहे माझ्याकडं. तुम्ही खोली बंद करायची नाही. तिथंच बसायचं. ती परत आली तर खोलीत कुणीतरी असलं पाहिजे."

"मी जाते ना चाकणला! इथून काय, हे गाडी काढतील. नाशिक फाट्यावरून सरळ..."

"पत्ता माहीत आहे तुम्हाला?"

नव्हता.

"असता तरी तुम्ही वाटेत असताना ती या खोलीत आली, तर? तुमची जागा आत्ता ती खुर्ची आहे, काकू."

आयुष्यात कुणाचं काही दुखलंखुपलं की मी चपला घातल्या आहेत. डबा घेऊन दवाखान्यात गेले आहे, मयताला गेले आहे, बाळंतपणाला गेले आहे. बसून राहायला मला कुणी सांगितलं नव्हतं. पोर तिकडं उन्हात गच्चीवर. ज्या गच्चीचं आम्हाला एवढं कौतुक होतं, की बंद दार नाही तर नाही, मोकळी गच्ची तरी मिळाली, ऐकायला कुणी नाही. आता तेच मला खायला उठलं होतं. ऐकायला कुणी नाही. बघायलाही कुणी नाही.

दार किलकिलं झालं. हे उभे. माझा चेहरा बघून म्हणाले, "काय झालं? कुणाचं काय झालं?"

सांगता येत नव्हतं. तिचं बोलणं त्या खोलीबाहेर न्यायचं नव्हतं, आणि घरात यंत्राबिंत्रातलं कळणारं कुणी असेल तर ते हेच. मी नुसती मान हलवली. "काही विचारू नका."

"गाडी काढू का?"

"नको. बाहेर बसा फक्त."

यांनी माझ्याकडं बघितलं. मग आत येऊन पंख्याचा वेग एकनं वाढवला, पाण्याचा तांब्या मशीनवर ठेवला आणि जाऊन दार लावून घेतलं. नंतर कळलं, जिन्यात गोट्या खेळणाऱ्या पोरांनाही त्यांनी खाली पिटाळलं होतं.

मॅडमचा फोन आला. "उचलत नाही ती. इमर्जन्सीचा नंबर तिच्या मैत्रिणीचा आहे. परभणीचा पत्ता आहे. ही तीच का, बोट गेलेली?"

"तीच असेल."

पलीकडं त्यांच्याकडच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. ज्या मुलीला तोंड दाखवायची या पोरीला भीती, तिचाच नंबर हिनं संकटासाठी लिहून दिलेला. अपघाताच्या आधी दिला असणार. त्या वेळी दुसरं कोण होतं तिला इथं?

"गुप्तता इथं संपते, काकू," मॅडम म्हणाल्या. "जिवाशी गाठ आहे. लावते मी. चुंबकाचं काही सांगणार नाही, ती धोक्यात आहे एवढंच सांगते."

मी परत पडद्यापुढं. स्वतःचा चेहरा इतका वेळ मी कधी बघितला नव्हता, लग्नातसुद्धा नाही. घड्याळाकडं बघायचं नाही असं ठरवलं. समईतली वात कलली होती, ती नीट करायला उठावं वाटत होतं, उठले नाही. मनात एकच चाललं होतं. मी विचारलं म्हणून ती गेली का? न विचारता आपली हं हं करत राहिले असते तर अजून समोर असती. पुस्तकात लिहिलंय, मॅडमनी सांगितलंय, विचारल्यानं काही होत नाही. पण त्या वेळी माझ्यापुढं पुस्तक नव्हतं, रिकामा चौकोन होता.

आणि मग तो चौकोन भरला. आभाळ. टाकीची कड. चेहरा नाही.

"मी आहे," मी म्हटलं. आणखी काही सुचलं नाही.

मग ती म्हणाली, "मला वाटलं तुम्ही गेल्या असाल."

"कुठं जाणार? कुठं आहेस तू?"

"इथंच."

"गच्चीवर?"

"हं."

"खाली जिन्यात ये. सावलीत. मग बोलू."

"काकू, सल्ला द्यायचा नसतो ना." त्यात हसू होतं का काय होतं, मला कळलं नाही.

"हा सल्ला नाही. हुकूम आहे. ये."

ती हलली नाही. पण टाकीला टेकून बसली, कारण आता चित्रात तिचा खांदा आला. मी हुकूम परत दिला नाही. म्हटलं, "परत आलीस. का आलीस?"

"कुणी असं विचारलं नव्हतं. सगळ्या म्हणतात, तू गप्प गप्प का असतीस. त्याला काय सांगायचं?" मग ती बोलत गेली. दवाखान्यात मैत्रिणीनं डाव्या हातानं पाण्याची बाटली उचलली ते. हिनं झाकण उघडून दिलं, तर ती मैत्रीण हिलाच म्हणाली, तू रडू नकोस बाई, तुझं काय गेलं. ते वाक्य रोज कानात वाजतं म्हणाली. मी हं म्हणत होते, आणि खरंच ऐकत होते. काही वाढावंसं वाटत नव्हतं. एक कान मात्र तिच्या मागच्या आवाजाकडं होता, कुणी येतंय का म्हणून.

एकदम ती थांबली. "तिचा फोन येतोय."

"कुणाचा?"

"तिचा." तिचा आवाज चिरकला. "तिला कुणी सांगितलं? तिला काय सांगितलंय, काकू? घेऊ का?"

आता काय म्हणू? मॅडमनी तिला काय सांगितलं ते ठाऊक होतं, पण ती मैत्रीण काय बोलेल ते कुणाला ठाऊक? तोंडाला येईल ते बोलली तर? तुझ्यामुळं गेलं माझं बोट, असं म्हणाली तर? आणि घेऊ नको म्हणावं, तर मग ही गच्चीवर एकटी.

"आमच्या मॅडमनी तिला फोन केला होता. तुला धोका आहे एवढंच सांगितलं, बाकी काही नाही," मी म्हटलं. खोटं बोलून चालणार नव्हतं. "ती काय म्हणेल ते मला माहीत नाही. मी इथून हलत नाही, एवढं नक्की. बोलून झालं की इकडं परत ये."

चित्र गोठलं. फोनवर फोन घेतला की तसं होतं. अर्धं आभाळ, टाकीची कड, आणि खांद्याचा निळा तुकडा. आवाज नाही. मी त्या निळ्या तुकड्याकडं बघत बसले. तो आत्ताचा नव्हता, मघाचा होता, हे समजत होतं, तरी नजर काढवेना. आत्ता ती कुठं आहे ते हे चित्र सांगत नव्हतं.

चित्र हललं ते आवाजासकट. आधी धापा टाकल्याचा आवाज, मग एक बाई.

"अगं पोरी, हितं काय उनात बसलीयास? आन् मी समद्या खोल्या हुडकतीया! चल. उठ म्हंते ना. हात दे हिकडं."

घरमालकीण होती. चाकणच्या जुन्या घरातली म्हातारी, गुडघ्याचं दुखणं घेऊन तीन मजले चढून आलेली. मैत्रिणीनं आधी तिला फोन लावला होता आणि मग हिला.

"काकू, मी खाली चाललेय," मुलगी म्हणाली. ती रडत होती, मोठ्यानं, नाक ओढत. किती दिवसांनी कुणाचं रडणं ऐकून मला बरं वाटलं असेल!

"ती काय म्हणाली?"

"मी सांगितलं, चुंबक माझा होता. तर म्हणाली, मला माहीत होतं. मशीनवर बसले तेव्हाच चुंबक दिसला होता म्हणाली. काढला नाही. मलापण टार्गेट होतंच की, म्हणाली. आणि म्हणाली..." हुंदका आला. "म्हणाली, आधी खाली जाय, मग तुला शिव्या घालते मी."

"ह्या कोन बाई हायेत?" म्हातारी पडद्यात डोकावली. नुसतं कपाळ आणि मोठं कुंकू दिसलं. "तुमी कोन?"

"मी तिच्या वर्गातली," मी म्हटलं.

म्हातारीनं माझे पांढरे केस बघितले. "व्हय का," म्हणाली. "बरं, आमी खाली जातो. च्या ठेवते हिला."

मॅडम तोवर खोलीत आल्या होत्या. पुढचं त्यांनी हातात घेतलं. मी बाजूला झाले. त्या मुलीशी बोलल्या, म्हातारीशी बोलल्या, हिला आज एकटीला ठेवायचं नाही म्हणून सांगितलं. चाकणमधल्या डॉक्टरांकडं संध्याकाळीच न्यायचं ठरवलं, आळंदीहून मुलींना बोलावून घेतलं. मी तांब्यातलं पाणी प्यायले.

सगळं मार्गी लागल्यावर मॅडमनी मला परत बोलावलं, आम्ही दोघीच.

"हुकूम दिलात म्हणे."

"दिला. चुकलं का?"

"जीव धोक्यात असताना नाही चुकत. एरवी मात्र सवय लावून घेऊ नका." मग त्यांचा आवाज खाली आला. "आता तुम्ही बोला. आज तुमची पाळी. खरं दुःख आणलं तरी चालेल."

मी काय बोलले ते लिहीत नाही. बाहेर यांना माझं रडणं ऐकू गेलं असणारच. दार मात्र कुणी उघडलं नाही. बाहेर आले तेव्हा यांनी वरणभात लावलेला होता, कुकरशिवाय, पातेल्यात, म्हणून भात जरा चिकट झाला होता. काही विचारलं नाही. मी जेवता जेवता त्यांच्या हातांकडं बघत होते.

त्या मुलीनं सराव सोडला, बरी होईपर्यंत. तिच्याशी परस्पर बोलायचं नाही असं मॅडमनी बजावलं होतं. तिला आता शिकाऊ काकू नको, जाणकार माणूस पाहिजे. हे पटत होतं, पण चाकणची बस दिसली की मला थांबून बघावंसं वाटायचं. बातमी यायची ती मॅडमकडून, थोडी थोडी. औषध चालू आहे. मैत्रीण एसटीनं आली आणि खरोखरच शिव्या घातल्या. मग दोघी मिळून कंपनीत गेल्या, आणि हिनं चुंबक कुणाचा ते सुपरवायझरला सांगितलं. मैत्रिणीवरचा ठपका निघाला. हिला मशीनवरून काढून पॅकिंगला टाकलं. पुढं काय होणार ते त्या वेळी ठरलं नव्हतं.

खंडेनवमीला आमच्याकडं हे जुनी हत्यारं पाटावर मांडतात. कंपनी सुटली तरी पाने, माप घ्यायचा व्हर्निअर, एक झिजलेली कानस, सगळं पुसून झेंडू वाहतात. त्या दिवशी मला म्हणाले, "तुझं काय मांडायचं? शिलाई मशीन?"

मी खोलीतून हेडफोन आणला. यांनी पाट सरकवून तो व्हर्निअरच्या शेजारी नीट ठेवला.

"कुंकू बेतानं लाव. आत गेलं तर बंद पडेल."

मी कडेला टिकली एवढं कुंकू लावत होते, तेवढ्यात मॅडमचा फोन आला. त्या मुलीनं एक निरोप द्यायला सांगितलाय म्हणाल्या. एवढाच, की तो आंबा तिनं घरमालकिणीला दिला, आणि म्हातारीनं तो फ्रीजवर लावला आहे, लाइटच्या बिलावर.

मी फोन ठेवला. हे तोरणाला झेंडू ओवत होते.

"काय म्हणाल्या गं?"

"आंबा फ्रीजवर आहे म्हणाल्या."

यांनी स्वयंपाकघराकडं बघितलं. "आपल्या?"

"नाही हो. दुसऱ्यांच्या."

"बरं," म्हणाले, आणि पुढचं फूल ओवलं.